नदीपलीकडची सुई

टोकवाडीत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळीच बनुबाईला बोलावणं जायचं. ती यायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायची, न्हाणीत पाट घेऊन पाय लांब करून बसायची आणि बाळ पायांवर घ्यायची. पाणी आपल्या कोपराला सोसलं की बाळाला सोसलं, एवढंच तिचं माप. बाळानं कितीही टाहो फोडला तरी तिचा हात थांबायचा नाही. "रड बाबा रड, छाती भरंल," म्हणत ती तेल जिरवत राहायची. पहिल्या दिवशी दारात उभं राहून जीव मुठीत धरणारी आई आठवड्याभरात निवांत चहा टाकायला आत जायची. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवरून उठून शाळेत गेली होती. वरातीतला एखादा नवरदेव वाकून तिच्या पाया पडला की शेजारची बायडाबाई मागून म्हणायची, "पड बाबा पड, हिनं तुला नागवा बघितलाय."

न्हाऊ घालणारी म्हटल्यावर बायका तिला बाकीचंही विचारायच्या. पोटुशीनं काय खायचं, कुठं बसायचं, ग्रहणात काय धरायचं नाही. बनुबाई सांगायची आणि बायका ऐकायच्या. त्यातलीच एक गोष्ट नदीची. टोकवाडी प्रवरेच्या एका काठाला, नेवासा दुसऱ्या काठाला. बाजार, तहसील, मोठा सरकारी दवाखाना सगळं पुलापलीकडं. पण सातवा महिना लागला की पोटुशीनं पूल ओलांडायचा नाही, असं जुन्या बायका म्हणायच्या. म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या. बनुबाईनं मात्र गेल्या दोन वर्षांत हा नियम गावात पक्का करून टाकला होता, आणि त्याला कारण तिच्याच घरातलं होतं.

तिचा नवरा वैजनाथ लवकर गेला. मुलगा वाल्मिक दहावीनंतर हार्वेस्टरवर लागला. गव्हाच्या सुगीला मशीनबरोबर परराज्यात जायचा, महिना महिना तोंड दिसायचं नाही. लग्न ठरलं तसं बनुबाईनं त्याला ते काम सोडायला लावलं. आता दोन गायी, थोडी शेती आणि दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळचं काम. सून स्नेहल पाथर्डीकडची. बोलायला कमी, कामाला नेटकी. तिला पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा सातव्यात ओटी भरली आणि रीतीप्रमाणं भाऊ तिला माहेरी घेऊन गेला, नदीपलीकडं. गेली त्याच आठवड्यात पोटातलं हलेनासं झालं. मूल मेलेलंच जन्मलं. पोरगा होता.

बनुबाईनं ते नदीवर घातलं. कशावर तरी घालायलाच हवं होतं. त्याच खेपेला उपकेंद्रातल्या आधीच्या सिस्टर रक्त तपासायला आल्या होत्या, तेव्हा बनुबाईनंच त्यांना दारातून परत पाठवलं होतं. "पोरगी पांढरीफटक पडलीय. अंगात आदीच रक्त न्हाई, त्यातलं बी काढून न्या." ही गोष्ट ती पुढं विसरून गेली. नदी तेवढी लक्षात राहिली.

स्नेहलला दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बनुबाईनं सहा महिने कुणाला कळू दिलं नाही. नजर नको. पण गावात आरोग्य उपकेंद्रावर फरहीन नावाच्या नव्या सिस्टर आल्या होत्या. नेवाशाच्याच, तरण्याताठ्या, स्कूटीवरून घरोघर हिंडायच्या. त्यांना गोठ्याजवळ स्नेहल दिसली आणि एका नजरेत कळलं.

"मावशी, नाव नोंदवलं नाहीत अजून?"

"नोंदवू की. पळून चाललीय का ती?"

फरहीनबाईंनी ओसरीवरच सामान मांडलं. वजन झालं, बीपी झाला. मग त्यांनी बारीक सुई काढली तशी बनुबाई पुढं आली. "रक्त न्हाई हं. अशक्त हाय."

"एक थेंब, मावशी. बोटाचा. ढेकूण याच्यापेक्षा जास्त पितो आणि त्याला तुम्ही काही म्हणत नाही."

बनुबाईला हसू आलं, आणि हसताना माणूस अडवत नाही. थेंब निघाला. फरहीनबाईंनी तो एका छोट्या पट्टीवर टाकला, वरून औषध टाकलं आणि घड्याळाकडं बघत स्नेहलशी इकडचं तिकडचं बोलत बसल्या. मग पट्टीकडं बघितलं आणि बोलणं थांबवलं. "स्नेहल, उद्या उपकेंद्रात या. दादांनाही आणा. दोघांचं रक्त नेवाशाला तपासायला पाठवायचंय."

"काय निगालं?" बनुबाईनं विचारलं.

"तपासून येऊ द्या, मग बघू."

तपासून यायला थोडे दिवस गेले. त्यानंतर वाल्मिक आणि स्नेहल उपकेंद्रातून परत आले ते न बोलता. तिघांचं घर, त्यात दोघं गप्प. वाल्मिक तर आईच्या डोळ्याला डोळाच देईना. एवढंच कळलं की स्नेहलला इंजेक्शनं घ्यायचीत, दर गुरुवारी एकदा, तीन गुरुवार, नेवाशाच्या दवाखान्यात.

"सातवा लागलाय तिला," बनुबाई म्हणाली. "पुलावरनं जायचं न्हाई. मागल्या खेपेचं इसरला व्हय रं?"

वाल्मिक बादली उचलून गोठ्याकडं गेला. मग बनुबाई तरातरा उपकेंद्रात गेली.

"शिष्टरबाई, सुई ती सुई. हितंच टोचा."

"इथं नाही देता येत, मावशी. एखादीला या औषधाची रिॲक्शन येते. आली तर सांभाळायला डॉक्टर आणि सोय जवळ लागते."

"मंग बाळंत झाल्यावर टोचू."

"मग उशीर होईल. औषध बाळासाठीच आहे. बाळंतपणाच्या चांगलं महिनाभर आधी पुरं व्हायला हवं."

"पर झालंय काय तिला?"

फरहीनबाईंनी मान हलवली. "ते मी सांगायचं नसतं. स्नेहलला विचारा. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल."

बनुबाईला राग आला. आपल्या घरातलं आपल्याला न सांगणारी ही कोण? पण रागातही एक शब्द कानात राहिला होता. बाळासाठी.

स्नेहल चुलीपुढं भाकरी थापत होती. बनुबाई समोर पाट ओढून बसली.

"शिष्टर म्हनती तुला इचारा. सांग आता."

स्नेहलनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आत्या, रक्तात आजार निगालाय. सिफिलीस म्हनत्यात."

"म्हंजी?"

"जुनी मानसं गरमी म्हनायची बगा. त्यो."

बनुबाईला शब्द ठाऊक होता. तिच्या लहानपणी गावातल्या एका माणसाबद्दल म्हातारे तो शब्द आवाज खाली आणून उच्चारायचे, आणि त्या माणसाच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. तिच्या तोंडून पहिलं निघालं ते असं: "तुला कुठनं?"

स्नेहलचा हात थांबला. भाकरी उलटायची राहिली आणि तव्यावर करपली. ती करपलेली भाकरी तिनं उचलून बाजूला ठेवली, दुसरा गोळा घेतला.

"मी कुठं जाते, आत्या? दारापासनं गोठ्यापतूर, गोठ्यापासनं दारापतूर."

बनुबाई उठली. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं.

गोठ्यात वाल्मिक धार काढत होता. गायीच्या कुशीला डोकं टेकून बसला होता. आई मागं येऊन उभी राहिली हे त्याला कळलं, पण त्यानं मान वर केली नाही.

"तिला काय बोलू नको, आई. माज्याकडनं हाय ते."

बनुबाईनं पायाशी सांडलेला चारा उचलून गव्हाणीत टाकला.

"हार्वेस्टरवर हुतो तवाचं. एक फोड आला हुता. दुकला न्हाई, खुपला न्हाई. आपोआप गेला. मला वाटलं, गेला म्हंजी गेला."

"दाकवलं न्हाईस कुनाला?"

"दुकला असता तर दाकवला असता की."

धारेचा आवाज तेवढा येत राहिला. बनुबाईच्या मनात बोलायला पुष्कळ होतं. वैजनाथ असता तर काय म्हणाला असता, तेही होतं. ती एवढंच म्हणाली, "बादली भरली बग, सांडंल." आणि घरात आली. त्यानंतर ती मुलाशी कामापुरतं बोलायची. ताट मात्र रोजच्यासारखं वाढायची. आणि दोघांचं औषध पुरं होईपर्यंत नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं असं सिस्टरनी सांगितल्याचं कळलं, तसं तिनं स्वतःच वाल्मिकचं अंथरूण ओसरीत नेऊन टाकलं. वाल्मिकनंही का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उपकेंद्रात गेली. या खेपेला दारातच थांबली.

"कळलं मला," ती म्हणाली. "आता सांगा. मागल्या लेकराचं बी ह्याच्यानंच?"

फरहीनबाईंनी तिला खुर्ची दिली. "ते आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही, मावशी. पण या आजारात असं होतं, हे खरं. बाळ पोटातच जातं, नाहीतर जन्मतं ते आजार घेऊन. नदीनं असं होत नाही."

"तवा रक्त तपासलं असतं तर?"

बनुबाईनं कुणाला दारातून परत पाठवलं होतं, हे फरहीनबाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. "तर तेव्हाच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "औषध जुनंच आहे आणि त्यानं बरं होतं. आत्ताही वेळ गेलेली नाही. पण गुरुवार चुकवायचे नाहीत. एखादा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून."

परत येताना बनुबाई मारुतीच्या ओट्यावर टेकली. शनिवार नव्हता, तरी आत जाऊन नमस्कार केला. मागायला काही सुचेना. बाळ जगू दे, हे तिनं मागल्या खेपेलाही मागितलं होतं. या वेळी तिला वाटलं, मागण्याआधी आपल्या वाटचं काम तरी करून यावं.

काम अवघड यासाठी होतं की त्याचं कारण कुणाला सांगता येणार नव्हतं. गावातल्या लेकीसुनांना तिनं पूल ओलांडू दिला नव्हता. एकीला तर आजेसासूच्या दहाव्याला जाऊ दिलं नव्हतं. आता ती स्वतःच्या सुनेला सातव्यात पुलावरून नेणार, तेही तीनदा, आणि का ते विचारलं तर तोंड मिटून घेणार. खरं सांगितलं तर स्नेहल त्या गावात राहू शकली नसती.

गुरुवारी त्या दोघी ॲपे रिक्षात बसल्या. वाल्मिक मोटरसायकलवर पुढं गेला होता. रिक्षात नेमकी बायडाबाई, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन.

"अगं बया! सुनंला घिऊन कुठं?"

"नेवाशाला."

"सातवा ना तिला? का मी चुकले?"

"सातवाच हाय."

"आन् पूल?"

"नेवाशाला पुलावरनंच जात्यात, बायडे. उडत जात न्हाईत."

रिक्षातली माणसं हसली. बायडाबाई हसली नाही. "माज्या लेकीला, सुशीला, तिकडं सासरी तीन महिने अडकवून ठिवलंस. आईकडं यिऊ दिलं न्हाईस, का तर नदी. तुजी सून तेवढी सोन्याची व्हय?"

"काम हाय," बनुबाई म्हणाली.

"कसलं?"

"काम हाय म्हनले ना."

पुलावर रिक्षा आली. खाली पाणी थोडंच होतं, बाकी वाळू आणि वेड्या बाभळी. स्नेहलचा हात बनुबाईनं कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही. बनुबाईचे ओठ हलले. 'प्रवरामाई, चुकत असंल तर माज्या पदरात घाल, तिच्या नको.' पूल संपला तेव्हा तिनं हात सोडला. स्नेहलच्या मनगटावर बोटं उमटली होती.

दवाखान्यात आधी हातावर थोडंसं औषध टोचून बघितलं आणि थांबायला लावलं. काही झालं नाही, तशी डॉक्टर मॅडमनी खरी इंजेक्शनं दिली, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. औषध घट्ट, सुई जाड. स्नेहलनं दात आवळले पण आवाज काढला नाही. मग वाल्मिकची पाळी. आतून "आई गं!" ऐकू आलं आणि थोड्या वेळानं तो भिंत धरत, एक पाय ओढत बाहेर आला.

"हार्वेस्टर चालवायचे म्हनं," स्नेहल हळूच म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून असं काही निघालं होतं. बनुबाईनं पदर तोंडाला लावला. वाल्मिक ओशाळून बाजूला उभा राहिला; बसायची तर सोयच नव्हती.

निघताना मॅडमनी बनुबाईला जवळ बोलावून सांगितलं, "आज ताप येईल, थंडी वाजेल, कदाचित पोटही आवळेल. औषध लागू पडतंय म्हणून होतं तसं. पण पोट आवळायचं थांबलं नाही किंवा बाळ हलेनासं वाटलं, तर वाट न बघता घेऊन यायचं."

बनुबाईनं मान डोलावली. ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं, हे तिला दिवेलागणीला कळलं. स्नेहल हुडहुडत होती. अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. बनुबाईनं पोटावर हात ठेवला तर पोट दगडासारखं. थोडं सैल पडे, पुन्हा आवळे.

"हलतंय का?"

"कळंना, आत्या."

मागल्या वेळीही माहेरच्यांनी फोनवर हेच सांगितलं होतं, हलत नाही म्हणून. 'मीच नेलं. आपल्या हातानं धरून पुलावरनं नेलं.' देवापुढची समई लावायची राहिली. तिनं वाल्मिकला हाक मारली, "शिष्टरला फोन लाव!" आठवडाभरात त्याच्याशी कामाव्यतिरिक्त बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि तेही ओरडून.

फरहीनबाई स्कूटी दारात तशीच सोडून आत आल्या. ताप बघितला, गोळी दिली. मग पिशवीतून हातात मावेल असं छोटं यंत्र काढून स्नेहलच्या पोटावर टेकवलं. आधी नुसती खरखर आली. त्यांनी ते खाली सरकवलं, डाव्या बाजूला नेलं. खरखरच. बनुबाईनं दाराची चौकट धरली. आणि मग आला आवाज, शिलाई मशीन भरधाव चालावी तसा.

"हे बाळाचे ठोके," फरहीनबाई म्हणाल्या. "ऐका, मावशी. नीट चाललंय."

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन केला, आणि बराच वेळ पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. आवळणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. जाताना म्हणाल्या, "पुन्हा सुरू झालं तर मला विचारत बसू नका, सरळ गाडी काढा." पण तशी वेळ आली नाही. सकाळी ताप उतरला होता, आणि स्नेहलनं शिळ्या भाकरीचा कुस्करा मागून घेतला, वर कांदा जास्त घालायला सांगितला.

पुढच्या बुधवारी भांडी घासताना स्नेहलनं विचारलं, "आत्या, उद्या जायचं का?"

"डब्यात काय न्यायचं, त्ये सांग," बनुबाई म्हणाली.

दुसरा गुरुवार झाला. तिसरा झाला. ताप पुन्हा आला नाही. पण गावात व्हायचं ते झालं. पाराजवळच्या घरात नातू झाला आणि न्हाऊ घालायला पलीकडच्या वस्तीवरच्या बाईला बोलावणं गेलं. "जिचा नेम तिच्याच घरात टिकत न्हाई, तिला काय इचारायचं," असं बायडाबाई पिठाच्या गिरणीत म्हणाली, ते संध्याकाळपर्यंत बनुबाईच्या कानावर आलं. भजनाला ती गेली की बायका सरकून जागा द्यायच्या, पण पूर्वीसारखं कुणी कानाशी लागून काही विचारायचं नाही. तिला ते लागलं. इतक्या वर्षांचा मान होता.

"माज्यापायी झालं," स्नेहल म्हणाली.

"माजे गुडघे दुकतच हुते," बनुबाई म्हणाली. "बरं झालं."

नववा भरत आला तसं बनुबाईनं पिशवी भरून ठेवली आणि कळा सुरू होताच पुलावरून नेवाशाला नेलं. दुपारी मुलगी झाली. रडली खणखणीत. बनुबाईनं ती हातात घेतली आणि आधी तळहात, तळपाय उघडून बघितले, कातडी बघितली, नाक बघितलं. न्हाऊ घालणाऱ्या बाईची सवय ती. पण डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर या वेळी भागणार नव्हतं. बाळाचं रक्त घेतलं, मांडीवर एक इंजेक्शन दिलं. बनुबाई या वेळी रक्ताला नको म्हणाली नाही. उलट पाय धरून ठेवायला स्वतः पुढं झाली.

मॅडमनी सांगितलं, "आईला औषध वेळेत मिळालंय. बाळ चांगलं दिसतंय. पण आईकडून आलेलं थोडंफार बाळाच्या रक्तात दिसतं. ते आपोआप उतरत जायला हवं. तिसऱ्या महिन्यात बघू, मग सहाव्यात. पूर्ण गेलं की आपण मोकळे."

म्हणजे अजून मोकळं व्हायचं होतं. बनुबाई ते धरून राहिली. बारसं केलं, पण घरातल्या घरात. मुलीचं नाव ज्ञानदा ठेवलं. तिसऱ्या महिन्यात रक्त दिलं तर कमी झालं होतं, पुरतं गेलं नव्हतं. वाल्मिक दर खेपेला बरोबर यायचा. त्याचं आणि स्नेहलचंही रक्त तपासायचं असायचं. त्याचं अंथरूण कधीच ओसरीतून आत गेलं होतं. आई त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली होती, मुलीबद्दल बोलावंच लागायचं म्हणून.

अशात एकदा बायडाबाई दारात आली. तिच्या धाकट्या सुनेला तिसरा महिना होता. उपकेंद्रात पोटुश्या बायकांची तपासणी होती आणि फरहीनबाई दोनदा बोलावून गेल्या होत्या.

"मी न्हाई पाठवली," बायडाबाई म्हणाली. "अशक्त हाय पोरगी. आन् तूच म्हनायची की, आदीच रक्त न्हाई, त्यातलं कशाला द्यायचं."

"म्हनायचे," बनुबाई म्हणाली. तिनं मांडीवरची मुलगी स्नेहलकडं दिली आणि पायात चपला घातल्या. "चुकीचं म्हनायचे. चल, आन तिला."

"आता गं?"

"आत्ताच. आन् नदीचं बी काय न्हाई. ज्यांना अडवलं त्यांना सांग माज्या नावानं. चुकलं म्हनावं."

बायडाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं, मग आत स्नेहलकडं, मग पुन्हा तिच्याकडं. "तुमाला काय झालं हुतं गं, त्या तीन गुरुवारांना?"

"तुज्या सुनंचं रक्त तपासायला काय माजं घर उघडून बगायला लागतं का? चल म्हनले ना!"

"चालतेय की, वरडती कशाला," बायडाबाई म्हणाली आणि सुनेला हाक मारायला वळली. उपकेंद्राच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. थेंब काढताना सुनेपेक्षा बायडाबाईनंच तोंड वाकडं केलं, आणि पट्टीवर काही वावगं निघालं नाही तेव्हा "बग, उगाच आनलंस," म्हणाली. बनुबाईनं ऐकून घेतलं.

सहाव्या महिन्यातलं रक्त दिल्यावर निकाल यायला दिवस लागले. बनुबाईनं रोज काहीतरी निमित्त काढून उपकेंद्रावरून चक्कर मारली. शेवटी फरहीनबाईंनीच लांबून बघितलं आणि बाहेर आल्या.

"आला, मावशी. काही राहिलं नाही. ज्ञानदाचं रक्त स्वच्छ आहे."

"तिच्या आईचं?"

"तिचंही उतरलंय. अधूनमधून बघत राहू, पण काळजीचं काही नाही."

बनुबाईनं हात जोडले ते कुणाला, तिचं तिला ठाऊक. सिस्टर समोर होत्या, आणि मारुतीचं देऊळही त्याच दिशेला होतं. मग जरा पुढं सरकून तिनं विचारलं, "आता तिचं उष्टावन करायचं म्हनते. घास द्यायला हरकत न्हाई ना? खीर चालंल? तांदळाची?"

फरहीनबाई हसायला लागल्या. "त्याचा आणि रक्ताचा काय संबंध, मावशी? महिने भरलेत. चारा की."

"तसं न्हवं," बनुबाई म्हणाली. "इचारलेलं बरं." आणि पदर खोचून ती तांदूळ निवडायला घराकडं निघाली.